‘जुने पडदे’ लिहिलेलं खोकं

वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही, ती नव्या घरी न्यायची नाही. हा नियम माझ्या नणंदेने केला आणि माझ्या नवऱ्याने मान डोलावून मंजूर केला, तेव्हा मी घरात नव्हते. मी मुलीच्या शाळेत दाखल्यासाठी ताटकळत उभी होते. माझ्या घरातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते माझ्या माघारी ठरलं, हे आधीच सांगून ठेवते. कारण नंतर, खोक्यावरचं अक्षर माझं म्हणून, चूक माझीच ठरू लागली.

नणंद, म्हणजे ताई, एका मोठ्या कंपनीचं गोदाम सांभाळतात. हाताखाली चाळीस माणसं. आमचा ट्रक परवा सकाळी येणार म्हणून त्या दोन दिवसांची रजा टाकून मदतीला आल्या, हे उपकार मी नाकारत नाही. साडेबाराला मी दाखला घेऊन परतले, तर बाह्या वर सारून, गळ्यात दोरीने मार्कर अडकवून त्या दारातच उभ्या.

“बघ! तीन तासांत तुझं अर्धं घर हलकं केलं. अगं, सतरा रिकाम्या बरण्या! दुकान काढायचं होतं का?”

“त्यातल्या चार चांगल्या होत्या, ताई.”

“झाकणं होती त्यांना?”

झाकणं खरंच नव्हती. नवरा खिडकीशी उभा राहून फोनवर ऑफिसचं काहीतरी निस्तरत होता. त्याने मला अंगठा दाखवला, म्हणजे सगळं झकास चाललंय.

झकास? माळ्यावरची सहा वर्षांची धूळ खाली उतरवली होती आणि तिच्या मधोमध माझी पाच वर्षांची मुलगी कागदाच्या टोप्या करत बसली होती. हिला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी कधी बसत नाही म्हणून. आज बसली होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ती खोकली. कोरडा, एकटाच खोकला. मी दाखला टेबलावर टाकला, तिच्या पाठीला कान लावला आणि ऐकलं.

शिट्टी. सुईच्या टोकाएवढी बारीक, पण तीच.

चौदा महिने मी दम्याची ही शिट्टी ऐकली नव्हती. आपोआप नाही. रोज ओल्या फडक्याने पुसलेली फरशी, दर रविवारी उकळत्या पाण्यातून काढलेले उशांचे अभ्रे, वाढदिवसाला आलेलं ते केसाळ अस्वल (ते मी कुणाला न सांगता परत पाठवलं आणि आठवडाभर बोलणी खाल्ली), यातून ते चौदा महिने उभे राहिले होते. मी श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस. तिचे नेहमीचे चोवीस.

मी सरळ आतल्या खोलीत गेले आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तो स्वच्छ पुसलेला होता. रिकामा.

“इथलं खोकं कुठाय?”

“कुठलं?” ताई मागोमाग आल्या. “ते जुन्या पडद्यांचं? गेलं की.”

इथे मला थोडं मागे जायला हवं. भिंगरी चार वर्षांची असताना वाचायला शिकली, आणि घरात झाकलेलं असं काही उरलं नाही. ‘औषधं’ असं लिहिलेला डबा तिने उघडला, त्यातल्या औषधाच्या इवल्याशा कुप्या फोडल्या आणि बाहुल्यांना सूप वाढलं. त्या दिवसापासून मी डब्यांवर खोटं लिहायला लागले. कात्र्या आणि सुऱ्या ‘बिलं’ मध्ये. गोळ्या ‘सुटे स्क्रू’ मध्ये. आणि औषधाची वाफ द्यायचं मशीन, त्याचे दोन मास्क, कुप्या आणि माझी वही, हे सगळं ‘जुने पडदे’ मध्ये. चार वर्षांच्या मुलीला कंटाळवाणं वाटावं असं नाव शोधायला मला अर्धा तास लागला होता. नवऱ्याला मी हे सांगितलं होतं. तीन वेळा.

“गेलं म्हणजे कुठे गेलं?”

“प्राण्यांच्या त्या आश्रमात. पडदे, चादरी, सगळं त्यांना दिलं. अकराला गाडी येऊन घेऊन गेली. कुत्र्यांना अंथरायला होतं गं, चांगलं काम आहे.”

“ताई, त्यात भिंगरीचं मशीन होतं.”

“पण वर ‘जुने पडदे’ लिहिलं होतं!”

“उघडून बघितलं नाहीत?”

“उघडून कशाला बघायचं? लिहिलंय ना! अक्षर तुझं, मार्कर तुझा.”

नवरा फोन ठेवून आला. त्याच्या चेहऱ्यावर आठवण हळूहळू उगवताना मला दिसली. माळ्यावरच्या धुळीसारखी ती वरून खाली उतरत होती.

“अरे हो,” तो म्हणाला. “तू म्हणाली होतीस काहीतरी.”

काहीतरी!

“नवीन आणू ना, लगेच,” म्हणत त्याने कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात फोन लावला. मशीन सोमवारी येईल, असं उत्तर आलं.

“सोमवारपर्यंत श्वास थांबवून ठेवायला सांगू का तिला?”

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वाफ द्या, तासाभरात उतार पडला नाही तर घेऊन या. वाफ द्या! सगळ्या जगाला माहीत होतं काय द्यायचं ते. फक्त देणारं यंत्र कुत्र्यांकडे गेलं होतं.

आश्रमात नवऱ्याला पाठवलं असतं, पण त्याने कुणाचेतरी खरोखरचे पडदे उचलून आणले असते. मी त्याला बजावलं, तिला बसवून ठेव, आडवी करू नकोस, दर पाच मिनिटांनी श्वास मोज.

“कसे मोजायचे?”

माझी मुलगी पाच वर्षांची आहे. शिट्टी तिला पहिल्या वर्षापासून आहे. मी त्याचा हात धरून तिच्या पोटावर ठेवला आणि घड्याळ दाखवलं.

गाडी ताईंची, म्हणून ताईंबरोबर जावं लागलं. पहिल्या सिग्नलला ताईंनी गाडी थांबवली. मग म्हणाल्या, “हे बघ, मला वाईट वाटतंय. पण लेबलवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? आमच्याकडे दिवसाला नऊशे खोकी जातात. एकेक उघडत बसले तर झालंच!”

“तुमच्या गोदामात माझी मुलगी राहत नाही.”

“आणि वर्षभर वापरलं नव्हतं, हे तर खरं ना?”

“तुमच्या गोदामात भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी आहेत?”

“आहेत.”

“शेवटची कधी वापरली?”

सिग्नल सुटला तरी ताईंनी गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला.

“मी लागल्यापासून तरी नाही,” त्या म्हणाल्या.

“मग काढून टाका की. बारा वर्षं झाली ना तुम्हाला?”

त्यांनी गाडी पुढे काढली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. तिकडे कोण मोजत होतं श्वास?

आश्रमाच्या ऑफिसात गमबूट घातलेले एक काका टेबलाशी बसले होते. तिथली देखरेख त्यांच्याकडे होती. टेबलावर माझं मशीन. वायर नीट गुंडाळलेली, दोन्ही मास्क धुऊन उलटे घातलेले. आणि काकांच्या हातात माझी वही.

“ती आमची आहे!” मी इतकी मोठ्यांदा ओरडले की मागच्या जाळीतून दहाबारा कुत्री भुंकायला लागली.

“तुमची?” ते उठले. “अहो, आम्हाला वाटलं कुणी देवमाणसाने दिलं. आमची एक म्हातारी कुत्री आहे, तिच्या छातीत घरघर असते. कित्येक दिवस मशीन मागत होतो. पाचला डॉक्टर यायचेत, त्यांच्यासमोर लावून बघणार होतो.”

“अजून लावलं नाही ना?”

“नाही नाही, बटणालाही हात लावलेला नाही. पण वही वाचली. माफ करा हं, दुसऱ्याची वही वाचू नये.” त्यांनी बोट घालून धरलेलं पान उघडलं. “कुठल्या डॉक्टरांनी लिहिलीय?”

“मी लिहिलीय.”

“तुम्ही?” त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तारीख, वेळ, श्वास किती, औषध किती, हवा कशी होती. इथे लिहिलंय, ‘शेजारी रंगकाम. तिसऱ्या दिवशी खोकला.’ बाई, इथे काम करणाऱ्या मुलांना मी डोकं फोडून सांगतो, अशा नोंदी ठेवा म्हणून. कुणी ठेवत नाही.”

घरात या वहीला पोलिसांची डायरी म्हणतात. कौतुकाने म्हणतात, असं मला सांगण्यात येतं. पाच वर्षांत तिचं एक पान कुणी उलटून बघितलं नव्हतं. आणि आता पहिला वाचक मिळाला तो गमबुटातला एक अनोळखी माणूस, तोही चुकीने! माझे डोळे भरून आले. मला ते अजिबात नको होतं, कारण ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काकांकडून वही मागून घेतली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागल्या.

मी मशीन आणि कुप्या खोक्यात भरल्या. मोठा मास्क ठेवला. धाकटा, अगदी तान्ह्या बाळाचा मास्क हातात राहिला. तो भिंगरीला तीन वर्षांपूर्वीच होईनासा झाला होता.

“हा म्हातारीला होईल?” मी विचारलं.

काकांनी तो मुठीवर चढवून बघितला. “फिट्ट होईल. मशीन काय, कुठूनतरी मिळवू. हे छोटे मास्कच मिळत नाहीत.”

“हा तीन वर्षं कशाला ठेवला होतास गं?” ताईंना राहवलं नाही.

“ताई.”

“बरं, बरं.”

घरी आलो तर भिंगरी बाबाच्या मांडीवर ताठ बसलेली, आणि त्याने टोपीच्या कागदावर ओळीने आकडे लिहिलेले. “एकतीस,” तो घाईघाईने वाचायला लागला, “मग तेहतीस, मग बत्तीस. मधला एक धरू नकोस, तेव्हा ती हसली.” त्याच्या कपाळावर घाम होता. मी मशीन त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि खुर्चीवर बसले.

“काय झालं?” तो म्हणाला.

“काही नाही. आज तू दे.”

“मला नाही येत.”

“वहीत लिहिलंय. ताईंच्या हातात आहे.”

ताईंनी पान काढून वाचून दाखवलं. त्याने कुपी उघडायला घेतली.

“बाबा, आधी तिला टिचकी मार,” भिंगरी म्हणाली. “औषध खाली बसतं.”

त्याने टिचकी मारली. मशीन घरघरायला लागलं. त्याने मास्क नाकाशी नेला, तसा भिंगरीने तो हाताने थोपवला.

“आत्या, मी तुला सांगितलं होतं. पडद्यांच्या खोक्यात माझं मशीन आहे म्हणून.”

“कधी गं?”

“तू वाचलंस ना, तेव्हा. तू म्हणालीस, मोठ्यांच्या कामात मध्ये मध्ये करू नकोस, जा टोप्या कर.”

ताईंनी वही मिटली. घरात पाऊल टाकल्यापासून मी सगळ्यांना प्रश्न विचारले होते, तिला एकही नाही.

“पण तुला कसं कळलं, त्यात काय आहे ते?” मी विचारलं.

“आई,” ती दमून म्हणाली, जणू कमी समज असलेल्या माणसाला सांगावं, “आपले सगळे पडदे तर खिडक्यांना आहेत.”

मग तिने मास्क स्वतःच ओढून घेतला. ताईंनी गळ्यातला मार्कर काढला, ‘जुने पडदे’ वर दोन जाड रेघा मारल्या आणि खाली मोठ्या अक्षरात ‘भिंगरीचं मशीन’ लिहिलं. हे खोकं ट्रकमध्ये चढणार नव्हतं, माझ्या मांडीवर येणार होतं, हे मी जाहीर केलं. कुणी हरकत घेतली नाही.

दहा मिनिटांनी मशीन बंद झालं. श्वास सव्वीसवर आला होता. नवऱ्याने विचारलं, “आता?”

“आता ऐक.”

त्याने तिच्या पाठीला कान लावला. मी तो चार बोटं खाली सरकवला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला.

“ही का?” तो हळूच म्हणाला. “अगदी बारीक? शेवटी येते ती?”

“ही.”

“मघाशी याहून मोठी होती?”

“बरीच.”

त्याने कान काढला नाही. मीही त्याला, पुरे आता, असं म्हटलं नाही.