वरच्या मजल्यावर कळता कामा नये

फौकियाची दृष्ट लागते, हे इजिप्तमधल्या दमिएत्ता शहरातल्या त्या चार मजली इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिनं पहिल्या मजल्यावरच्या नव्या फ्रिजचं कौतुक केलं, संध्याकाळी फ्रिज बंद. एका नवरीच्या केसांना छान म्हटलं, आठवड्यात नवरी टायफॉइडनं निम्मी झाली. आता फ्रिज बंद पडायला वीजही कारण असेल, पण वीज काही जिन्यात भेटत नाही, फौकिया भेटते. म्हणून वगदीच्या हृदयाच्या नळीत अडथळा निघाला आणि मन्सूराच्या इस्पितळात अँजिओप्लास्टीची तारीख ठरली, तेव्हा त्याच्या बायकोनं, इन्शिराहनं, तोंडाला कुलूपच घातलं. ना नातेवाइकांना सांगितलं, ना शेजाऱ्यांना. एकाला सांगा, दुपारच्या आत बातमी वरच्या मजल्यावर फौकियाकडे पोचलीच म्हणून समजा.

त्या दिवशी सकाळी सातला नवराबायको आणि त्यांची मुलगी रबाब पिशव्या घेऊन जिना उतरले, तर खालच्या पायरीवर साक्षात फौकिया!

"कुठं निघाली स्वारी?"

"रास अल-बर्रला. समुद्रावर," इन्शिराह म्हणाली. "मासे खायला."

"फेब्रुवारीत?"

"गर्दी नसते ना फेब्रुवारीत."

फौकियानं वगदीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण बोलली काही नाही, नशीबच म्हणायचं. तरी मायक्रोबस सुटेपर्यंत वगदी दृष्टीवरची दुआ पुटपुटत होता. साठीचा गडी, आयुष्यभर खुर्च्यांच्या पाठीवर वेलबुट्टी कोरलेली, हाताला कधी कंप नाही, आणि शेजारणीला एवढा टरकायचा!

"अर्ध्या तासाचं काम," डॉक्टर हिल्मी म्हणाले होते. मनगटातून तार जाईल, फुगा फुगेल, नळीत जाळी बसेल, संध्याकाळी चहा. इन्शिराह निवांत बाकावर बसून रबाबशी पडद्याच्या कापडावरून वाद घालत होती. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि डॉक्टर हिल्मी जवळजवळ पळतच बाहेर आले.

"बाई, नळी आतून फाटली. असं क्वचित होतं, पण झालंय. आत्ताच्या आत्ता बायपास करायला हवा. सही करा."

"बायपास? अहो, चहा म्हणाला होतात तुम्ही!"

"बाई, सही!"

तिनं सही केली. नाव लिहिलं की रेघ ओढली, तिला आठवत नाही. मागून ढकलगाडी धावत आली. वगदी घामानं निथळत होता, ओठ निळे पडले होते, पण शुद्धीवर होता. बायको दिसताच त्यानं मान उचलली.

"इन्शिराह! फौकियाला कळता कामा नये! माझी शपथ आहे तुला!"

"गप्प पडून राहा हो!" ती ओरडली, आणि गाडी ऑपरेशनच्या दारामागे गडप झाली.

बाकावर टेकायलाही तिला सवड मिळाली नाही. एक दणकट नर्स हातात कागद घेऊन समोर उभी.

"पेशंटचं रक्त ओ निगेटिव्ह. आमच्याकडे दोन पिशव्या आहेत, त्यावर सुरुवात केलीय. आणखी चार लागतील. तीन रक्तपेढी देईल, पण बदल्यात तीन माणसांनी तिथं रक्त द्यायचं, कुठल्याही गटाचं चालेल. चौथी पेढीतही नाही. त्याच गटाचा माणूस आणा. बाराच्या आत. कुठायत तुमची माणसं?"

"आम्ही... आम्ही दोघीच आहोत."

नर्सनं तिच्याकडे असं पाहिलं की इन्शिराहला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. समोरच्या बाकांवर दुसऱ्या एका पेशंटची वीस-पंचवीस माणसं बसली होती, डबे उघडून, भाताच्या ताटल्या वाटत. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या दंडाला कापूस चिकटवलेला. ती आपल्या माणसासाठी रक्त देऊन मोकळी झाली होती. आणि आपण? समुद्रावर मासे खायला आलेलो!

रबाब लगेच रक्त द्यायला पळाली. इन्शिराहला मधुमेह, तिचं कुणी घेईना. दिराला फोन लावला, तो मासेमारीच्या बोटीवर, फोन बंद. घड्याळात दहाला पाच मिनिटं कमी होती. आणि ओ निगेटिव्ह म्हटल्यावर तिला एकच माणूस आठवत होता. "माझं रक्त शंभरात चौघांचं! राणीचं रक्त!" असं दर चहाला ऐकवणारी बाई.

तिचं बोट नावावर थांबलं. वगदीची शपथ! बरं, जिची नजर सोसत नाही तिचं रक्त सोसेल? मग तिनं ऑपरेशनच्या बंद दाराकडे पाहिलं आणि स्वतःलाच एक शिवी हासडून बटण दाबलं.

"काय गं, मासे कसे आहेत?" पलीकडून फौकिया.

"फौकिया, मासेबिसे काही नाहीत. वगदीला मन्सूराला आणलंय. हृदय उघडलंय गं त्याचं. तुझं रक्त पाहिजे, आणि दोन माणसं पाहिजेत. बाराच्या आत. मी खोटं बोलले तुझ्याशी. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण ये!"

पलीकडे दाराची कडी वाजली. मग जिन्यात फुटलेला तो आवाज इन्शिराहला फोनमधूनही कानठळ्या बसवून गेला. "अरे उठा! वगदी मरतोय तिकडे आणि तुम्ही चहा ढोसताय! चपला घाला! ए, तू नको, तू हडकुळा आहेस! बरं, तूही चल!"

पुढचा दीड तास इन्शिराह इस्पितळाच्या फाटकात उभी होती. प्रत्येक मायक्रोबसकडे धावायची, परत यायची. अकरा चाळीसला एक मायक्रोबस हॉर्न बडवत आत घुसली. दार सरकलं आणि इमारतीतली तेरा माणसं भदाभदा बाहेर पडली. फर्निचरचा पॉलिशवाला तर दोन्ही हात काळे तसाच आला होता. सगळ्यांत पुढे फौकिया, घरातल्या सपाता पायात, बाही आधीच खांद्यापर्यंत वर केलेली.

"कुठं टोचायचंय?" ती गरजली. "लवकर टोचा!"

इन्शिराहनं तिथेच, फाटकात, सगळ्यांदेखत तिला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली.

बाराच्या आत तीन पिशव्या पेढीतून सुटल्या. फौकियाच्या रक्ताची घाईघाईनं तपासणी झाली आणि तेही आत गेलं. मग तेरा माणसांनी बोळ भरून टाकला. कुणी फलाफलचे सँडविच आणले, कुणी नर्सशी भांडला, पॉलिशवाल्यानं तर समोरच्या पंचवीस जणांशी सोयरीक जमवायला घेतली. दुपारी चारला डॉक्टर हिल्मी टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, "वाचला." बोळात असा जल्लोष झाला, बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या अशा जघारीत घातल्या, की रखवालदार काठी घेऊन धावला.

"घरच्यांना काचेतून बघता येईल," नर्स म्हणाली. "दोघं दोघं या."

रबाब पाहून आली. इन्शिराहनं मागे वळून पाहिलं, तर फौकिया बोळाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"चल गं."

"तू जा. मी नाही बघत."

"का?"

"का म्हणजे? मला काय माहीत नाही होय?" फौकियाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी जिन्यात आले की आया पोरांचे दृष्टीचे निळे मणी कपड्यांवर काढतात. माझ्या सुनेनं चाळीस दिवस नातू दाखवला नाही मला. तुझा माणूस नुकताच वाचलाय. उगाच कशाला?"

 इन्शिराहला लाज वाटली. तिनं फौकियाचा हात धरला, ओढतच काचेपर्यंत नेलं आणि समोर उभं केलं. फौकियानं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"उघड डोळे."

"इन्शिराह, नको गं."

"उघड म्हणते ना!"

तिनं उघडले. आत वगदी नळ्यांच्या जंजाळात झोपला होता, छाती हळूहळू वर जात होती, खाली येत होती. गालावर थोडा रंग आला होता.

"कसा दिसतोय?" इन्शिराहनं विचारलं.

फौकिया काचेच्या आणखी जवळ सरकली.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "छान दिसतोय." आणि घाबरून यंत्राकडे पाहिलं.

यंत्रावरची हिरवी रेघ चालतच होती.

"आणखी म्हण," इन्शिराह म्हणाली.