नलिनीताईंचं निरोपाचं वादन

सौंसरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे अरविंद मास्तर नागपूरच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात युरोपच्या शास्त्रीय संगीतावर परीक्षणं लिहीत, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. संत्र्याचे बागाईतदार पुंडलिकराव तेवढे त्यांच्याकडे ग्रामोफोन ऐकायला येत, तेही दोस्तीखातर.

या संगीतावर भांडावं असं माणूस एकच, नागपूरच्या नलिनीताई. त्यांचे यजमान सचिवालयात अधिकारी. त्या स्वतः व्हायोलिन वाजवत. मास्तर अधूनमधून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने नागपूर गाठत, आणि चहा निवून जाईपर्यंत दोघं एकेका सुरावरून वाद घालत.

छप्पन साली राज्यांची फेरआखणी झाली. नागपूर मुंबई राज्यात चाललं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, त्याची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. यजमानांना तिकडे जाणं भाग होतं. ऑक्टोबरात ताईंनी निरोपाचा कार्यक्रम केला. हॉल भरला होता. पण मधल्या संथ भागात त्यांचा सूर सारखा उतरत होता, शेवटी तर साथीचा पियानो पुढे आणि व्हायोलिन मागे. तरी टाळ्या थांबेनात. मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलं, आणि ते छापून आलं.

“खोटं लिहाचं नव्हतं, मान्य,” पुंडलिकराव म्हणाले, “पन लिहाचंच कायले, मास्तर? बाई तं जाऊन राहिली ना!”

“मग आजवर बाकीच्यांवर लिहिलं ते कोणत्या तोंडानं?” मास्तर कडाडले.

त्याच आठवड्यात संपादकांनी कळवलं, आता परीक्षणं मुंबईहूनच येतील, तुम्ही तसदी घेऊ नका.

ताई निघाल्या त्या दिवशी मास्तर पुंडलिकरावांबरोबर कापसाच्या ट्रकमधून पांढुर्ण्याला गेले. नागपूरहून भोपाळला जाणारी गाडी स्टेशनात थांबली. खिडकीशी ताई बसल्या होत्या.

“ताई, मला वाटलं, तुम्हाला तरी...”

“सूर उतरला होता. वाजवतानाच कळलं मला,” ताई शांतपणे म्हणाल्या. “पण त्या हॉलमध्ये ते ओळखणारे तुम्ही एकटेच होतात, अरविंदराव. घरी येऊन मला सांगायचं होतंत. आता सगळं नागपूर माझं तेवढंच लक्षात ठेवेल.”

“भोपाळला कधी आलो तर...”

“नका येऊ.”

गाडी हलली. मास्तर खिडकीबरोबर थोडं चालले, मग थांबले.

परतताना पुंडलिकरावांनी जामसांवलीला ट्रक थांबवला आणि ते मारुतीच्या दर्शनाला गेले. मास्तर आतच बसून राहिले. मनातल्या मनात त्यांनी ते परीक्षण पुन्हा लिहून पाहिलं, शब्द सौम्य करून पाहिले. एकही वाक्य बदलावंसं वाटेना. त्यांनी दारावर मूठ आपटली.

पुंडलिकराव आले. “घ्या मास्तर, परसाद.”

“नको,” मास्तर म्हणाले. “चला आता.”