साडेनऊ फुटांची लाज

मी एक जुनी बोट आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्याचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती रुंद म्हटल्याची. माझी रुंदी साडेनऊ फूट आहे. पाण्यात ती कुणी विचारत नाही. रस्त्यावर मात्र साडेआठ फुटांपर्यंतची बोट सभ्य आणि त्यापुढची 'अति रुंद माल', असा आमच्या राज्याचा कायदा होता. त्या एका फुटापायी मी जन्मभर मान खाली घालून फिरले.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका लहान गावात, गाई विकून रिकाम्या झालेल्या गोठ्यात झाला. माझा कर्ता आर्विड हा सुतार होता. एरवी तो लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं करायचा आणि हिवाळ्यात बर्फामुळे कामं थांबली की मला घडवायचा. ओकच्या फासळ्या वाफेवर मऊ करून त्याने वाकवल्या, त्यांवर सीडरच्या फळ्या बसवल्या आणि प्रत्येक सांध्यावरून हात फिरवून पाहिला. हिवाळ्यात गोठ्यात बोट बांधणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे लोक दार मोजायला विसरतात. आर्विडही विसरला. बर्फ वितळल्यावर शेजाऱ्यांनी मिळून मला दाराशी आणलं, आडवं-तिरकं करून पाहिलं आणि शेवटी गोठ्याची भिंतच उतरवावी लागली.

शेजारचा गॉर्डी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आर्विड, बोट बांधलीस की लग्नाचा मंडप?"

"बोट आहे," आर्विड म्हणाला. तो मुळातच कमी बोलायचा.

पण नाव पडायचं ते पडलंच. सगळा गाव मला मंडप म्हणू लागला. दाराचं माप चुकलं तसं माझंही चुकलं असणार, असं लोक म्हणायचे आणि मलाही तेच खरं वाटायचं. जन्मताच घराची भिंत पाडणाऱ्या मुलीने दुसरं काय समजावं?

आर्विडची बायको सोल्वे हिचे पाय लहानपणीच्या आजारात गेले होते. ती चाकाच्या खुर्चीत बसून सगळा संसार करायची. तिची थोरली बहीण इंगेबोर नदीपलीकडच्या राज्यात, एका सरोवरातल्या बेटावर राहत होती. जून महिन्यात दिवस मावळता मावळत नाही, तेव्हा आमच्याकडे शेकोट्या पेटवून सण करतात. त्या दिवशी दोघी बहिणी भेटायच्या. बेटावर जायच्या बाकीच्या होड्या अरुंद होत्या. त्यांत खुर्ची मावायची नाही आणि सोल्वेला उचलून बसवावं लागायचं. "मला पोत्यासारखं उचलू नका रे," असं म्हणून ती वर्षानुवर्षं गेलीच नव्हती. मी आल्यावर ती पुन्हा जाऊ लागली.

इंगेबोर बहिणीसाठी आंबट सायीची लापशी करायची. वर वितळलेलं लोणी आणि दालचिनी. "घेतेस का?" असं ती विचारायची, आणि सोल्वे म्हणायची, "नको गं." दुसऱ्यांदा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं की मग, "बरं, तू एवढा आग्रहच करतेस तर!" ही आमच्या लोकांची रीत आहे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्यात हावरट ठरतो.

पाण्यावर हे सगळं सुखाचं होतं. पण पाण्यापर्यंत जायचं म्हणजे रस्ता आला. मला चाकांच्या सांगाड्यावर चढवून पिकअपच्या मागे जोडत, आणि माझ्या पाठीवर एक पिवळं कापड बांधत. त्यावर ठळक काळ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'अति रुंद माल'. चारी कोपऱ्यांना लाल फडकी. आधी दोन्ही राज्यांचे परवाने काढायचे, उजेड असेतोवरच निघायचं. मागून येणाऱ्या गाड्या खोळंबायच्या, मग भोंगे वाजवत पुढे जायच्या. सडपातळ बोटी माझ्या शेजारून भुर्रकन निघून जायच्या आणि मी आपली ते पाठीवरचं कापड फडफडवत रांगत राहायचे. पेट्रोल भरायला थांबलो की कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय हो, हिला डाएटवर ठेवा!" आर्विड टोपीला हात लावायचा आणि पैसे देऊन निघायचा. मला वाटायचं, हा मनातून माझ्यावर चिडला असणार.

आर्विड गेला. पिकअप त्याचा मुलगा हाल्वर चालवू लागला. हाल्वर मनाने चांगला, पण उतावळा. आणि मग एका वसंतात रेडिओवर बातमी आली की कायदा बदलला. हौसेच्या बोटी दहा फूट रुंद असल्या तरी आता परवाना नको, पिवळं कापडही नको. हाल्वर नाचायचाच बाकी राहिला होता. त्याने ते कापड फाडून चिंध्या केल्या आणि टोमॅटोच्या रोपांना बांधल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, आपली लाजच कुणीतरी फाडून टाकली.

त्या वर्षीचं जाणं नेहमीसारखं नव्हतं. इंगेबोरला दिसेनासं झालं होतं. बेटावरचं घर विकून झालं होतं, आणि सणाच्या दुसऱ्याच दिवशी तिचा मुलगा तिला दूर पश्चिमेला आपल्याकडे नेणार होता. तिथवर सोल्वेला जाणं शक्य नव्हतं आणि इंगेबोर परत येणार नव्हती. आज भेटल्या तर भेटल्या. सोल्वेने निळा झगा घातला आणि पहाटेपासून दाराकडे तोंड करून बसली.

आम्ही पाठ उघडी टाकून निघालो. पहिल्यांदाच कुणी भोंगा वाजवला नाही. पूल ओलांडला आणि पलीकडे शंभर पावलं जातो न जातो तोच मागे पोलिसांचा दिवा लुकलुकू लागला.

गाडीतून टमीका रफिन नावाची उंच पोलीसबाई उतरली. ती दूरच्या वाळवंटी राज्यातून नुकतीच इकडे राहायला आली होती. तिने टेप काढली आणि भर रस्त्यात माझी कंबर मोजली. येणारे-जाणारे माना वळवून बघत होते. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"साडेनऊ फूट, वर एक इंच," ती म्हणाली. तो इंच कडेच्या रबरी पट्टीचा होता, पण तोही माझ्याच नावावर लागला.

"अहो मॅडम, कायदा बदललाय! रेडिओवर सांगितलंय!" हाल्वर म्हणाला.

"बदललाय ना, पुलाच्या त्या टोकाला. या टोकाला आमचे आमदार अजून चर्चाच करतायत."

"मग आत्ताच्या आत्ता परवाना काढतो."

"आज शनिवार आहे. कचेरी सोमवारी उघडते. तोवर ही इथून पुढे एक फूटही जाणार नाही."

सोमवारी बेटावर कुणी उरणारच नव्हतं. हाल्वरला एवढं साधं कळलं नव्हतं की कायदा नदी ओलांडून येत नाही, आणि स्वतःची चूक कळली की माणूस दुसऱ्यावर ओरडतो. तो आईवर ओरडला.

"एक फूट! बाबांनी हिला एक फूट कमी केली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? दार मोजलं नाही, हिलाही मोजलं नाही!"

सोल्वे पिकअपच्या खिडकीतून त्याच्याकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "दार विसरले रे ते. हिला नाही विसरले. स्वयंपाकघरात मला मध्ये बसवून म्हणाले, 'फीर बरं गोल, कुणाचा हात न लावता.' मी फिरले, तशी त्यांनी भोवती खडूने रेघ ओढली. त्या रेघेच्या मापाने हिचा मधला भाग काढला. कडेने फळ्या आणि बाकं धरून साडेनऊ फूट झालं. कायदा त्यांना ठाऊक होता. मीच म्हटलं होतं, कशाला माझ्यापायी एवढी जागा? कमी करा."

"मग?"

"मग काय! 'बोट आहे,' म्हणाले."

मित्रांनो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती आजवरच्या सगळ्या लाजांहून वेगळी होती. ज्या एका फुटाला मी जन्मभर शिव्या दिल्या, त्या फुटातच ती बाई गोल फिरत होती. आणि आर्विड माझ्यावर चिडलाय असं मी इतकी वर्षं धरून चालले होते!

पोलीसबाईने हे सगळं ऐकलं होतं, आणि कुठे जायचंय, आजच का, तेही विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, "तुमच्या बाजूला, पुलाखाली बोटी उतरवायचा उतार आहे ना? नदी त्याच सरोवरातून येते. नदीत रुंदीला कायदा नाही. मी पुढे दिवा लावून तुम्हाला पुलापलीकडे परत नेते."

नदीने जायला सबंध दिवस लागतो, म्हणून आम्ही कधी त्या वाटेने गेलो नव्हतो. पण अजून सकाळ होती.

"नको, नको," हाल्वर म्हणाला. "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात? नेते ना."

"छे, खरंच नको. आमचं आम्ही बघतो काहीतरी."

"बरं, तुमची मर्जी," असं म्हणून ती आपल्या गाडीकडे चालू लागली. तिच्या मुलखात नको म्हणजे नको असावं. आणि हाल्वर बिचारा तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत तसाच हसत उभा! मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तिने गाडीचं दार उघडलं, आत पाय ठेवला.

"अहो बाई, थांबा!" सोल्वेने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. "हवाय! आम्हाला तुमचा त्रास हवाय!"

हाल्वर कानापर्यंत लाल झाला. "आई! अगं, काय हे!"

"गप रे. तुझ्या तिसऱ्या विचारण्यापायी माझी बहीण जाईल."

पोलीसबाई हसली. तिने पुढे दिवा लावला आणि आमची वरात पुलावरून परत निघाली. गाड्या थांबून बघत होत्या. मी लाजत होतेच, पण या वेळी अंग चोरलं नाही.

आम्ही दिवसभर नदीने वर चढलो. बेटाच्या धक्क्याला लागलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती आणि काठाने शेकोट्या पेटत होत्या. इंगेबोर हातात पातेलं धरून उभी होती. दिसत नव्हतं तरी माझ्या इंजिनाचा आवाज तिने ओळखला. तिच्या मुलाने तिला हात धरून माझ्यात आणलं. सोल्वेने हात चाकांवर ठेवले, खुर्ची जागच्या जागी पूर्ण गोल फिरवली आणि बहिणीसमोर येऊन थांबली.

इंगेबोरने चाचपडत वाटी भरली. "घेतेस का?"

"घेते," सोल्वे म्हणाली.

इंगेबोरची पळी हवेतच राहिली. "अगं, बरं नाही का तुला?"

दोघी इतक्या हसल्या की लापशी माझ्या फळ्यांवर सांडली. लोण्याचा तो डाग अजून आहे. हाल्वर तो पुसू देत नाही.

पुढच्या हिवाळ्यात सोल्वे गेली. त्यानंतरच्या वसंतात पलीकडच्या राज्यानेही कायदा बदलला. आता मी दोन्ही काठांवर उजळ माथ्याने फिरू शकते, आणि आता गोल फिरणारं कुणी नाही. मी ताडपत्रीखाली उभी असते. मध्यंतरी एक गिऱ्हाईक आलं, फेरी मारून म्हणालं, "लाकूड छान आहे, पण एवढी रुंद कशाला?" हाल्वर पूर्वीसारखा ओशाळला नाही.

"माझ्या आईला वळायला जागा लागायची," तो मोठ्याने म्हणाला, आणि ताडपत्री पुन्हा ओढून त्याने दोरी बांधली. विकणार नसल्याचं त्याने सांगितलंही नाही, पण गिऱ्हाइकाला ते कळलं.

मित्रांनो, कुणाला जास्त जागा लागत असेल तर त्याला टेप लावण्याआधी जरा सरका. आणि स्वतःला जागा हवी असेल, मदत हवी असेल, तर पहिल्याच विचारण्याला हो म्हणा. तिसऱ्यांदा विचारायला दर वेळी कुणी थांबतंच असं नाही.