एक ओळ जपायची राहिली

सलाइनच्या रिकाम्या खोक्याखाली एक चपटा काळा डबा दिसतोय ना, मित्रांनो? तोच मी. एक जुना राउटर. माझ्या जाळीत झेंडूची वाळलेली पाकळी अडकली आहे आणि दिव्यांच्या जरा वर कुंकवाचा पुसट डाग आहे. यंत्राला कुंकू कशाला, असं वाटलं असेल तुम्हाला. तीच तर माझी गोष्ट आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतं ते पेठच्या बाजूच्या डोंगरातलं एक छोटं रुग्णालय. बायकांच्या खोलीच्या दाराबाहेर एक लाकडी फळी होती, ती माझी जागा. आमचं मोठं रुग्णालय नाशिकला, गंगापूर रोडवर. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, चित्रं, जे काही इथून तिथे आणि तिथून इथे जायचं ते माझ्या हातून जायचं.

माझं काम टपालवाल्याचं. पण काही राउटर हुशार असतात. ते शेजाऱ्यांना विचारून आपली वाट आपण शोधतात. मी तसा नव्हतो. माझ्यात माणसांनी हाताने वाटा लिहून ठेवल्या होत्या. रिपोर्टच्या खोलीकडे जायचं तर या दारातून, बाळांच्या कक्षाकडे जायचं तर त्या दारातून. लिहिलं असेल तसंच मी पाठवणार, मग पलीकडे कुणी असो वा नसो. आज्ञाधारक म्हणा, नाहीतर मठ्ठ म्हणा.

तरी माझं कौतुक व्हायचं. त्याचं कारण चार वाजताचा पडदा. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं नाशिकला न्यावी लागत. आईचे टाके ओले असत, घाटातला प्रवास तिला झेपत नसे, म्हणून ती इथेच राहायची. मग रोज चार वाजता तेजल सिस्टर बायकांच्या खोलीतला टीव्हीसारखा पडदा सुरू करायच्या. नाशिकला प्रत्येक काचेच्या पेटीवर एक छोटा कॅमेरा होता. पडद्यावर ती पेटी दिसायची आणि तिच्यात ओंजळीएवढं बाळ. इकडच्यांना तिकडचं दिसे, तिकडच्यांना इकडचं मात्र नाही. कॅमेऱ्यावर एक तांबडा दिवा कायम लागलेला असे, इतकंच.

श्रावणात बाळांचा कक्ष नव्या इमारतीत गेला. नवी इमारत म्हणजे नवी वाट. आमच्या यंत्रांकडे बघणारे राकेशदादा नाशिकहून आले. त्यांनी मला लॅपटॉप जोडला, जुनी ओळ खोडली, नवी लिहिली. पडद्यावर बाळं दिसू लागली. बाहेर शेवटची एसटी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. "चला सिस्टर, झालं!" म्हणत ते धावले.

आता हे नीट ऐका, मित्रांनो. आम्हाला दोन आठवणी असतात. एक चालू असेपर्यंतची आणि एक कायमची. नवीन काही लिहिलं की 'हे जपून ठेव' असं आम्हाला वेगळं सांगावं लागतं. एका शब्दाचं काम असतं ते. त्या एसटीच्या घाईत तो शब्द राहिला. वीज गेली तरी बॅटरीवर मी चालूच असायचो, मग बंद पडेपर्यंत कुणाला कळणार? माझं मलाही कळलं नाही.

आश्विनात भागीबाई आली. भातशेती करणारी, पोरसवदा बाई. सातव्याच महिन्यात मुलगी झाली. बाळाला अँब्युलन्समधून नाशिकला नेलं, नवरा बारकू सोबत गेला. कावीळ होती म्हणून बाळाला निळ्या उजेडात ठेवलं होतं आणि डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधली होती. जन्मल्यावर भागीबाईने तिला पाहिलं होतं ते क्षणभर, डोळे मिटलेली. रोज चारला ती पडद्याजवळ सरकायची.

"सिस्टर, पट्टी कधी काढणार हिची?"

"दसऱ्याला काढतील गं, डॉक्टर म्हणालेत."

"मग तवा बघंल ती माझ्याकडं." आणि पडद्यावर बोट ठेवून हळूच म्हणायची, "ए बाय, मी हाय इथं. घाबरू नको."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात, तुम्हाला ठाऊकच आहे. झाडलोट करणाऱ्या अंबूबाई पाटीभर झेंडू घेऊन आल्या. बीपीचं यंत्र, वजनकाटा, सिस्टरांची स्कूटी, सगळ्यांना फुलं वाहून झाली. मग माझ्यापाशी थबकल्या.

"मावशी, त्याला पाणी लागू देऊ नका हां!" सिस्टर ओरडल्या.

"मी काय येडी हाय? बटण बंद करूनच पुसते." मग मला म्हणाल्या, "वरीसभर डोळं मिटलं नाय बिचाऱ्यानं. नीज जरा घटकाभर."

त्यांनी मला बंद केलं, पदराने धूळ पुसली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. इतक्या मायेनं मला कधी कुणी हात लावला नव्हता. आणि पुन्हा बटण दाबलं.

मी जागा झालो तो जुनीच वाट घेऊन. नवी ओळ पुसून गेली होती.

चार वाजता पडदा काळा राहिला. पडद्याकडून निरोप यायचा, 'बाळाचं चित्र आण', आणि मी तो इमानाने जुन्या इमारतीच्या दारात नेऊन टाकायचो. तिथे बाळं नव्हती. कॅमेऱ्याला कुणी बोलावतंय हे कधी कळलंच नाही.

फोनला रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीवर. तेजल सिस्टर तिथे चढून राकेशदादांशी बोलल्या आणि धापा टाकत परतल्या. "मावशी, दिवे कसे आहेत बघा बरं."

"चारी हिरवंगार हाईत."

दिवे हिरवे, मग माझ्यावर कोण संशय घेणार? रिपोर्टही येत होते, ती वाट जुनीच होती ना! पडदा बदलून पाहिला, वायर काढून पुन्हा घातली. 'तू कुठल्या दारातून पाठवतोस रे?' एवढं मला कुणी विचारलं नाही.

दसऱ्याला राकेशदादांना सुट्टी. "उद्या पहिल्या गाडीनं येतायत दादा," सिस्टर म्हणाल्या. भागीबाई तरीही चारला पडद्यासमोर येऊन बसली. काळ्या काचेत तिचंच तोंड दिसत होतं. "चालंल," ती म्हणाली. "उद्या दोन दिसाचं बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास राकेशदादा आले. त्यांनी जुन्या इमारतीकडे एक छोटी चिठ्ठी धाडली, उत्तर आलं. बाळांच्या कक्षाकडे धाडली, उत्तर नाही. मग चिठ्ठी कुठकुठल्या दारातून जाते ते पाहिलं आणि माझ्या वाटांची यादी उघडली. पाहताच त्यांचा हात कपाळावर गेला.

"सिस्टर, हा मध्ये बंद झाला होता का?"

अंबूबाई दारात आल्या. हातातला झाडू त्यांनी खाली ठेवला. "मी केला. पूजेपायी. माझ्या हातनं काय झालं का, दादा?"

"नाही मावशी. चूक माझी आहे. मी जपून ठेवायलाच विसरलो."

एक ओळ लिहिली, एक शब्द लिहिला. दोन मिनिटं लागली. पडदा उजळला. भागीबाई पोटावर हात धरून लगबगीने पुढे आली.

पेटी रिकामी होती. निळा उजेड बंद होता. एक नर्स पांढरं दुपटं घडी घालत होती.

"माझी पोर कुठं हाय?" भागीबाईने विचारलं. सिस्टरांनी तिला जवळ घेतलं. बाळ सकाळीच गेलं होतं. निरोप इथवर पोचायचा होता आणि तो असा माझ्याच हातून पोचला.

दुपारी बारकू आला. छातीशी पांढरं गाठोडं होतं. तो भागीबाईच्या खाटेशी खाली बसला. मग म्हणाला, "काल चारला पट्टी काढली. लय टकाटका बघत व्हती. मी नर्सबाईला म्हणलं, हिला त्या तांबड्या दिव्याकडं वळवा, तिकडनं आय बघते हिची. वळवली त्यांनी. पाह्यलंस ना तू?"

सिस्टरांनी मान खाली घातली.

"पाह्यलं," भागीबाई म्हणाली. "तुझ्यावानी डोळं व्हतं."

तेव्हा बारकू रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. राकेशदादा येत, लिहीत, तो शब्द लिहीत, मग स्वतः मला बंद करून पुन्हा चालू करत आणि सगळं दिसेपर्यंत बसून राहत. एसटी गेली तर जाऊ देत. अंबूबाईंनी मात्र पुढच्या खंडेनवमीला मला फूल वाहिलं नाही. लांबूनच हात जोडले. पुढे स्वतः वाट शोधणारं नवं यंत्र आलं आणि मी या अडगळीच्या खोलीत आलो.

मित्रांनो, मी मठ्ठ यंत्र, मी काय शिकवणार! पण शिकवलेलं जपून ठेवा, एवढं दुसऱ्याला सांगायला विसरू नका. आणि हिरवा दिवा दिसला म्हणजे सगळं पोचलं असं मानू नका. पलीकडच्या माणसाला एकदा विचारा, "दिसलं का?" आणि ते वेळेवर विचारा, त्याला खरं उत्तर देता येईल तेव्हा.