छिद्रे भरा

वाशीमच्या पुसद नाक्यावर, एका कृषी केंद्राच्या माथ्यावर आमचे ऑफिस आहे. खालच्या कीटकनाशकांचा वास जिन्याने वर चढतो आणि दुपारपर्यंत चहात, कागदांत, केसांत मुरतो. तीन वर्षांत मला त्याची सवय झाली होती. त्या फेब्रुवारीत ती मोडली. आता तो वास मला स्वतःच्या धुतलेल्या हातांनाही येतो.

आम्ही रस्ते बांधत नाही. रस्ता जमिनीवर येण्याआधी तो संगणकात बांधतो. भराव, मोऱ्या, पूल, दिव्यांचे खांब, जमिनीखालच्या नळांपर्यंत सगळे, इंचाइंचाने खरे. ऑफिसात या पद्धतीला ‘बिम’ म्हणतात. दोन वस्तू एकाच जागेवर हक्क सांगू लागल्या, खांब नळात घुसला किंवा मोरी एखाद्या घराच्या पायावर आली, की पडद्यावर लाल ठिपका उमटतो. तो क्लॅश. लाल ठिपके विझवणे हे माझे काम. मंगरूळपीर ते वाशीम या नव्या चौपदरी रस्त्याच्या मॉडेलमध्ये असे दोनशे अकरा ठिपके होते. दिवाळीच्या आत मी ते शून्यावर आणले. आमचे प्रमुख भागवत सर यांनी त्या अहवालाचे पहिले पान चौकटीत घालून भिंतीवर टांगले. ‘क्लॅश : शून्य.’ खाली बारीक अक्षरांत, ‘मॉडेल : फरहीन मिस्त्री.’ येता-जाता मी ते पान वाचत असे. आरशात पाहावे तसे.

जानेवारीच्या शेवटी भुरटेक तांड्यावर जनसुनावणी झाली. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून मी मॉडेलची फिल्म दाखवली. तिच्यात कोणीही न बसलेल्या मोटारी धावत होत्या आणि वाशीम जिल्ह्यातल्या एकाही झाडाला नसलेला हिरवा रंग दुतर्फा उभा होता. मग ड्रोनने टिपलेला तांडा चादरीवर आला: घरांचे पत्रे, पांढरा झेंडा, अंगणे.

“थे पाह्य, मोतीबाईची शेळी!”

“शेळी नाई लेका, मोतीबाईच हाय थे!”

हास्याची लाट उठली. ती ओसरत असताना पुढच्या रांगेतून एका म्हातारीने विचारले, “बाई, हे वाट कुठी जाऊन राह्यली?”

ती कमलीबाई होती. काठीच्या टोकाने ती चादरीवरची एक फिकट रेघ दाखवत होती. घरांच्या ओळीपासून निघालेली ती पायवाट गायरान ओलांडून जात होती आणि मधेच, सपाट गवतात, संपत होती.

“शेतात जात असेल, आजी.”

“शेतात कायले जाईन? मायाच पायानं पडली थे वाट. रोजच्या चार खेपा, लगन होऊन आली तवापासून. तिच्या शेवटाले आमची इहीर हाय. कुठी ठेवली तुमी?”

पुन्हा सगळे हसले. तांड्याचा नायक गुलाबसिंग मात्र हसला नाही. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ आला. माझ्या हातातली वायर त्याने काळजीपूर्वक गुंडाळून दिली आणि मग बोलला.

“मॅडम, गायरानात आमच्या बापांनी खंदली थे इहीर. सातबारा नाई, नोंद नाई, काईच नाई. साहेब लोक म्हनतात, या पिच्चरमधी जे हाय त्याचाच इचार होईन. मंग पिच्चरमधी नसन तं आमची इहीर कुठीच नाई ना?”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. करारात कलमच तसे होते: मॉडेलमध्ये नोंदलेला जलस्रोत बुजवायचा असेल, तर आधी तितकेच पाणी देणारा दुसरा स्रोत बांधून द्यायचा. नोंदलेला. सव्वाशे घरांचे उन्हाळ्यातले पाणी त्या एका शब्दाच्या दोरीला लटकले होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी मे महिन्यातले मूळ सर्वेक्षण उघडले. अठराव्या किलोमीटरवर विहीर होती. वरून पाहिलेली, काळी, गोल. काठावर पाच बायका. आणि मला आठवले.

ड्रोनला पसरलेले दिसते, खोल दिसत नाही. विहिरीच्या अंधारातून मोजमाप परत येत नाही. म्हणून संगणकातल्या जमिनीच्या कातड्याला तिथे भोक पडते. अशी भोके शेकडो असतात: झाडाची सावली, पाण्याची चमक, उडता पक्षी. संगणक नम्रपणे विचारतो, ‘छिद्रे भरायची?’ त्या दिवशी आकडा नऊशे सात होता. प्रत्येक छिद्र उघडून पाहायचे असते. मी एकदाच ‘होय’ म्हटले आणि चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा जमीन अखंड, गुळगुळीत, निर्दोष झाली होती.

माझे आजोबा चांद मिस्त्री यांनी आयुष्यभर विहिरींना दगडी बांधणी केली. लहानपणी त्यांच्या दोरखंडाच्या वेटोळ्यात बसून मी भाकर खाल्ली आहे. जमिनीतले भोक म्हणजे काय, हे या ऑफिसात कोणाला कळायला हवे होते तर मला.

मी भागवत सरांच्या टेबलापाशी गेले. ते संत्रे सोलत होते.

“सर, अठराव्या किलोमीटरला भरावाखाली विहीर येते. तांड्याची एकुलती एक. मॉडेलमधून ती माझ्या हातून बुजली आहे.”

त्यांनी फोड तोंडात टाकली, बिया तळहातावर थुंकल्या आणि त्या बियांकडे पाहत म्हणाले, “एक क्लॅश म्हंजे काय होते, मालूम आहे ना तुले? मान्यता परत. सादरीकरण परत. तीन महिने गेले.”

“पण विहीर आहे, सर.”

“आहे तं आहे. मी कुठं नाही म्हणून राह्यलो? तू काळजी नको करू बेटा. सोमवारपर्यंत नीट बनवून दे. तोवर मी ठेकेदाराच्या कानावर घालून ठेवतो.”

मला ते औदार्य वाटले. त्या ओल्या, पिवळ्या बिया अजून डोळ्यांसमोर येतात.

खरे तर दहा मिनिटांचे काम होते. त्या जागी एक साधे पोकळ नळकांडे बसवायचे, क्लॅश उमटू द्यायचा आणि त्याच दुपारी अहवाल सगळ्यांना पाठवायचा. मी तसे केले नाही. मला विहीर सुंदर करायची होती. शुक्रवारी मी तांड्यावर गेले. गुलाबसिंगने टेप धरला, मी मोजत गेले: खोली अठरा मीटर, दगडांचे एकेचाळीस थर, आत उतरणाऱ्या तेवीस पायऱ्या, दोराने काठावर पाडलेल्या सात खाचा.

“एवढं कायले लिहून राह्यल्या, मॅडम?” त्याने विचारले. “इहीर हाय, एवढं लिहा ना. बास होते.”

“नीट झाले पाहिजे,” मी म्हणाले. “सोमवारी कागद देते.”

शनिवार, रविवार मी ऑफिसात एकटी बसले. थरावर थर चढवले. निखळलेल्या एका दगडाची खोबण कोरली, तिच्यातून उगवलेले पिंपळाचे रोप लावले. तळाशी पाणी ठेवले आणि त्या पाण्यावर आभाळाचा एक गोल तुकडा. अपराधाची भरपाई चालली आहे असे मी स्वतःला सांगत होते. प्रत्यक्षात मी माझ्याच कौशल्याच्या प्रेमात बुडाले होते. इतके देखणे काही मी यापूर्वी केले नव्हते.

सोमवारी पावणेबारा वाजता मी मॉडेल सामायिक सर्व्हरवर चढवले. अठराव्या किलोमीटरवर लाल ठिपका उमटला. एकच. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत स्वच्छ रंग होता.

वीस मिनिटांत ठेकेदाराचे उत्तर आले. ‘प्रत्यक्ष स्थळी विहीर आढळली नाही. क्लॅश रद्द करावा.’ सोबत छायाचित्र. दाबून सपाट केलेला लालसर मुरूम, त्यावर रोलरचे ताजे पट्टे, आणि कोपऱ्यात, दूर, तांड्याचा पांढरा झेंडा. छायाचित्र त्याच सकाळी, साडेदहाला काढलेले होते.

भागवत सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता.

“पाह्य,” ते जवळजवळ मायेने म्हणाले, “तुझं जुनं मॉडेल बरोबरच होतं. जमीनच मागं राह्यली होती, थे आली आता जागेवर. हे भोक काढून टाक अन् शून्य करून दे.”

“तुम्ही त्यांना फोन केला होता.”

“मी फक्त सांगितलं की तिथं एक अडचण आहे. अडचण कशी दूर करायची हे त्यांचं काम. माझ्या तोंडून विहीर बुजवा असा एक शब्द ऐकला कोणी?”

कोणीही ऐकला नव्हता. तो आवाज, ती खुर्ची, चौकटीतले ते शून्य, सगळे स्वच्छ होते. किळस अशा स्वच्छतेचीच येते. घाणीला निदान स्वतःचा वास लपवता येत नाही. आणि त्या स्वच्छतेची सुरुवात माझ्या एका ‘होय’पासून झाली होती. ठेकेदाराने खोटेही केले नव्हते. मी दाखवले होते तशी जमीन त्याने करून दिली होती.

मी मॉडेलमधून विहीर काढून टाकली नाही. मे महिन्यातले मूळ चित्र तारखेसह छापले, काठावरच्या पाच बायकांसकट. त्याखाली लिहिले: ‘ही विहीर अस्तित्वात होती. सर्वेक्षणात ती दिसते. मॉडेलमधून ती माझ्या हातून गेली. मी हे कळवल्यानंतर चार दिवसांत ती बुजवण्यात आली.’

भागवत सरांनी ते उभ्यानेच वाचले. “यावर सही केली तर उद्या येऊ नको, फरहीन.”

मी त्यांच्याच पेनाने सही केली. धाडस वगैरे काही नव्हते. उलटी आली की माणूस वाकतो, तशी मी वाकले. त्याच सहीचा कागद स्कॅन करून सर्व्हरवर टाकला. तिथे चढलेले काही पुसता येत नाही, जुन्या फाइलवरचे माझे नावही नाही.

दुपारच्या बसने मी तांड्याच्या फाट्यावर उतरले. पायवाटेने चालत गेले. ती आता खरोखरच सपाट जागी संपत होती. मुरमाच्या कडेला गुलाबसिंग उकिडवा बसला होता. रोलर निघून गेला होता. डिझेलचा वास तेवढा मागे होता.

“तीन टिप्पर पहाटपासून खेपा करत होते,” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. “मी आडवा झालो. तं सुपरवायझर म्हने, नकाशात दाखव. तुमी कागद देनार होत्या मॅडम. मी त्याले म्हनलं, सोमवारी कागद येते. तो म्हने, आज सोमवारच हाय.”

मी कागद पुढे केला. शुक्रवारीच द्यायला हवा होता तो कागद. त्याने दोनदा वाचला.

“हे कलेक्टर हापिसात चालते?”

“चालायला हवे. आणखी काही लागले तर मी जबाब द्यायला येईन.”

कमलीबाई रिकामा हंडा काखेत घेऊन आली होती. सवयीने आली असावी. तिने कागद डोळ्यांजवळ धरला आणि काठावरच्या पाच ठिपक्यांवरून बोट फिरवले. एकावर ते थांबले.

“हे मी हाय. लुगड्यावरून वळखते.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुया त्या पडद्यात हाय म्हनते आता इहीर? पायऱ्या-बियऱ्या समद्या?”

“आहेत.”

“पानी बी हाय?”

“आहे.”

“मंग काढ ना माय,” ती म्हणाली. “हंडा आनला म्या.”

गुलाबसिंगने मान वळवली. तिने कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

“खाली सई कोनाची हाय?”

“माझी.”

“मंग तुई नौकरी गेली असन.”

“गेली.”

ती आमच्या पायांखालच्या मुरमावर थुंकली आणि हंडा माझ्याकडे सरकवला.

“मंग रिकामीच हायेस तू. उचल. मोतीबाईच्या जावयाची बोअर हाय, अर्धा कोस पडन. पायवाट नाई तिकडं, काटे हायत. चपला सांभाळ.”