टॅमरॅक डोंगरावरचा हट्टी मनोरा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी मनोरा आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मी इथून हलणार नाही.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या टॅमरॅक डोंगरावर खेचरांच्या पाठीवरून एकेक तुळई आणून लाकूडतोड्यांनी मला उभं केलं. माझ्या माथ्यावरच्या खोलीत वणव्याची राखण करणारा माणूस राहायचा. धूर दिसला की तो खाली कळवायचा. तेव्हा माझा काय थाट होता! पुढे ते काम विमानं आणि उपग्रह करू लागले. राखणदार गेला, खिडक्या फुटल्या, मला गंज चढला. "काढा याला भंगारात," असं लोक माझ्या तोंडावर म्हणायचे. मी ऐकून घेतलं.

मग एका उन्हाळ्यात एल्क दरीत वणवा पेटला. आमच्या गावच्या अग्निशमन दलात पगारी कोणी नाही. सुतार, शिक्षिका, बेकरीवाला, भोंगा वाजला की सगळे हातातलं काम टाकून धावतात. त्यांची प्रमुख व्हर्ना टॉलफसन. तिनं आपला धाकटा भाऊ आर्विड याला दोघांबरोबर दरीत पाठवलं आणि वारा फिरला. "मागे फिरा" म्हणून ती घसा फुटेस्तोवर ओरडली, पण दरीत ना फोन लागला, ना वायरलेस पोचला. दोघे कसेबसे परत आले. आर्विड आला नाही.

सरकारी नकाशात मात्र त्या दरीत फोन उत्तम लागत होता. फोन लागतो का ते तपासणारी गाडी हमरस्त्यावरूनच फिरून गेली होती ना! मला अजून संताप येतो.

व्हर्ना भांडली. आग विझवणारे, रुग्णवाहिकावाले आणि पोलीस यांच्यासाठीच राखलेलं बिनतारी इंटरनेट माझ्या खांद्यावर बसवा, असा तिनं हट्ट धरला. सरकार कबूल झालं, पण खर्चातला आपला वाटा गावानं पानगळीआधी उभा करायचा. नाहीतर पैसे परत आणि मी भंगारात.

गावानं माझ्याच पायथ्याशी पाईचा, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, लिलाव मांडला. आमच्याकडे पाई जिंकणारा पैसे देतो आणि पाई परत करतो. मग तीच पुन्हा लिलावात येते. हकलबेरी या जांभळ्या रानफळाची ती पाई दुपारपर्यंत हातोहात फिरली. तेवढ्यात राजधानीहून आलेल्या सरकारी अधिकारी प्रुइट साहेबांनी कौतुकानं बोली लावली, पाई जिंकली आणि बसले की खायला!

वाटा अजून पुरा झालेला नव्हता.

"साहेब, ती खायची नसते," बेकरीवाला गस म्हणाला.

"मग करता कशाला?" साहेबांचे ओठ जांभळे झाले होते.

"विकायला. आता काय विकू, तुमचा ढेकर?"

लोक हसले आणि उठायला लागले. तेव्हा व्हर्नानं साहेबांच्या पुढ्यातलं रिकामं ताट उचललं.

"बसा खाली सगळे. हे ताट विकायला आहे. आर्विड असता तर चाटायला म्हणून त्यानंच घेतलं असतं. बोला, किती?"

पहिली बोली प्रुइट साहेबांनी लावली. मग कोणी थांबेना. अंधार पडेपर्यंत ते ताट विकलं जात होतं.

अशी माझ्या खांद्यावर नवी यंत्रं चढली. यंदा एल्क दरी पुन्हा पेटली. गस आणि दोघे खाली उतरले होते. माझ्या पायथ्याशी उभ्या व्हर्नाला हातातल्या फोनवर ते तिघे कुठे आहेत ते दिसत होतं. वारा फिरला.

"गस, मागे फिर! आत्ताच्या आत्ता!"

"फिरलोय बाई. ओरडतेस कशाला, ऐकू येतंय."

व्हर्ना माझ्या पायाला टेकून बसली आणि रडली.

मित्रांनो, आता पुन्हा कुजबुज चालू आहे, की या मनोऱ्याच्या देखभालीवर दरसाल खर्च कशाला? माझे नटबोल्ट आवळा, बर्फ झाडा, जनित्रात डिझेल ठेवा. एवढंच मागतो, आणि ते मी हक्कानं मागतो. ज्याला हे जास्त वाटतं, त्यानं वणव्याच्या दिवशी एल्क दरीच्या काठावर उभं राहावं, खाली उतरलेल्या आपल्या भावाला हाक मारून बघावी, आणि मग मला पाडायला यावं.