रत्नप्रभाबाईंसाठी लावलेली पिन

मी होडीला मागून ढकलणारी एक जुनी मोटर आहे. जयपूरला, खातीपुऱ्यातल्या एका घराच्या जिन्याखाली पडून असते. या कोरड्या शहरात होडीची मोटर कुठून आली, असं तुम्हाला वाटेल, मित्रांनो. मला आणलं वसंतरावांनी.

वसंतराव मूळचे वेंगुर्ल्याचे. विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. पण पाण्याची ओढ काही सुटली नाही. २००२ साली त्यांनी एक छोटी फायबरची होडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला मला बसवलं. रविवारी ते आणि त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर येत.

मला होडीला अडकवणाऱ्या पट्टीला भोकांची एक ओळ आहे. त्यातल्या एका भोकात लोखंडी पिन घालतात आणि माझा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, तिला टेकतो. पिन होडीजवळच्या भोकात असली की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दबते. पिन लांबच्या भोकात घातली की नाळ वर उचलली जाते. रत्नप्रभाबाई अंगाने भरलेल्या आणि बसायच्या अगदी पुढे. पहिल्याच फेरीत नाळ पाण्यात घुसली आणि त्या नखशिखान्त भिजल्या.

"अहो, मला फिरवायला आणलंय की आंघोळ घालायला?"

"थांब गं, पिन सरकवतो."

त्यांनी पिन बाहेरच्या भोकात घातली. मग होडी अशी अलगद चालली, की बाई हात पाण्यात सोडून गुणगुणू लागल्या. "गुणाची आहे हो तुमची मोटर!" त्या म्हणाल्या. ती पिन पुढे कधी हलली नाही.

२००६च्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि रत्नप्रभाबाई गेल्या.

वसंतराव एकटेच येऊ लागले. पुढे वजन नाही, पिन मात्र तिथेच. नाळ आभाळाकडे बघायची आणि मी धापा टाकायची. त्यांची मुलगी अनुया जवळच सोडाल्याला राहायची. जयपुरातच वाढलेली. एकदा ती काठावरून ओरडली, "बाबा, तुम्हाला समोरचं दिसतंय तरी का? मतलब, होडी पूर्ण वर उठलीये! पिन आत घ्या ना!"

"राहू दे. ती तुझ्या आईसाठी लावलेली आहे."

उन्हाळ्यात पाणी उतरलं. बुडालेल्या बाभळीचं खोड पाण्याच्या जेमतेम खाली आलं होतं, ते उचललेल्या नाळेआडून वसंतरावांना दिसलं नाही. होडी धडकली, माझ्या पंख्याचं पातं तुटलं आणि त्यांचं कपाळ फुटलं. काठावर उभी असलेली अनुया कमरेइतक्या पाण्यातून धावत आली. ती ओढणीने रक्त पुसू लागली.

"आई गेली. आता तुम्हाला पण जाऊ देऊ का मी?"



माझी दुरुस्ती झाल्यावर वसंतरावांनी स्वतःच पिन काढायला घेतली. ती गंजून बसली होती, हातोडीने ठोकावी लागली. होडीजवळच्या भोकात ती घालून त्यांनी मला सुरू करायची दोरी ओढली. नाळ खाली आली. समोरचं पाणी लांबपर्यंत दिसू लागलं. होडी सरळ, सुरेख चालली. रत्नप्रभाबाईंवाचूनही ती इतकी सुरेख चालते, हे मात्र त्यांना सोसलं नाही. त्यांनी मला मध्येच बंद केलं, तोंड ओंजळीत धरलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग वल्हं मारत काठाला आले.

त्यानंतर मला कुणी सुरू केलं नाही. माझ्यातलं पेट्रोल चिकट झालं, अंगावर रद्दी साचली. वसंतराव खोलीत खुर्चीवर बसून असतात. येणारे दारातूनच विचारतात, "ठीक आहात ना?" ते मान हलवतात. येणारे निघून जातात.

मित्रांनो, न वापरलेलं यंत्र आतून धरतं, जाम होतं. मला साफ करून कुणी पाण्यावर नेलं, तर मी अजून चालेन. पण ते राहू द्या. या घरी आलात, तर जिन्याखाली वाकू नका. आधी आतल्या खोलीत जा आणि त्या खुर्चीजवळ थोडा वेळ बसा.